अवांतर वाचनाचा एक महिना

‘अवांतर’ ह्या शब्दाशीं आमचें फार दिवसांचें वैर आहे. शाळेंत जें पुस्तक नेमलेलें नाहीं, ज्यावर परीक्षेंत प्रश्न येत नाहीं, ज्याच्यामुळें गुणपत्रिकेंत कांहीं भर पडत नाहीं, तें सारें वाचन अवांतर. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी समग्र वाचली तर ती अवांतर. तिच्यांतील दोन पानांचा उतारा क्रमिक पुस्तकांत आला कीं तीं दोन पानें तेवढीं मुख्य, आणि बाकीचा ग्रंथ पुन्हा अवांतरच! वाढलेलें ताट बाजूस सारून जेवणाऱ्यानें मीठ तेवढें चाखावें, तशांतला हा प्रकार आहे.

यंदाच्या पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं अशी सूचना मांडली कीं, नववी व दहावी ह्या इयत्तांचा आठवड्यांतून एकदां येणारा ग्रंथालयाचा तास काढून तो गणितास द्यावा. सूचनेमागील हेतु चांगला होता, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. दहावीच्या परीक्षेवर मुलांचें पुढील शिक्षण अवलंबून असतें. शिकवणीचें शुल्क भरतां भरतां आईबापांच्या नाकीं नऊ येतात. आणि अशा वेळीं आपला मुलगा शाळेंत गोष्टीचें पुस्तक घेऊन बसला आहे असें ऐकून कोणाही बापाचा जीव खालींवर होणारच. त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. सभेंत अशा प्रश्नांचा निकाल लागत नाहीं, आवाज मात्र चढतो. म्हणून तें उत्तर ह्या अंकांत देत आहों.

उत्तर देण्यास लागणारें थोडें भांडवल गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या पदरीं पडलें. मे महिना आम्हीं केवळ आनंदासाठीं वाचण्यांत घालविला. ‘केवळ आनंदासाठीं’ हे शब्द आम्ही जपून वापरीत आहों. शिक्षकाच्या एका हातीं पुस्तक आलें कीं दुसरा हात आपोआप पेन्सिल शोधूं लागतो. कोठें संदर्भासहित स्पष्टीकरण विचारतां येईल, कोणत्या वाक्यांत अलंकार आहे, ह्यावर त्याची नजर जाते; सुतारानें वडाखालीं उभें राहून फळ्या मोजाव्या तसें त्याचें होतें. त्या महिन्यांत पेन्सिल खणांतच राहिली. कादंबऱ्या तीन, आणि आत्मचरित्र, चरित्र व प्रवास ह्या जातीचीं पुस्तकें तीन, अशीं सहा पुस्तकें आम्हीं एकाआड एक वाचलीं. त्यांतील कांहींशीं पूर्वींची ओळख होती. पण पदवीच्या परीक्षेसाठीं झालेली ओळख ही वरातींत झालेल्या ओळखीसारखी असते. पुढें रस्त्यांत गांठ पडली तर नांवही आठवत नाहीं.

आरंभ ‘पण लक्षांत कोण घेतो’ पासून केला. हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकांतून ही कादंबरी सन १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. यमू नांवाची ब्राह्मण घरांतील मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते: लहानपण, लग्न, सासर, मुंबईंतील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि त्या काळच्या रूढीप्रमाणें बळजबरीनें झालेलें केशवपन. लिहिणारा पुरुष आहे ह्याचा वाचणाऱ्यास पत्ताही लागत नाहीं. तें प्रकरण वाचलें त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. मग ह्याला आनंद कसा म्हणावा, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आनंद आणि हंसूं ह्या एकच वस्तु नव्हत. शुभशुक्रवारची उपासना आटोपून मंदिराबाहेर येणारा मनुष्य हंसत नसतो. पण तो रिकाम्या हातानेंही परत आलेला नसतो.

ह्या ठिकाणीं आमच्या ख्रिस्ती वाचकांस एक आठवण द्यावीशी वाटते. आमच्या कांहीं वडील मंडळींस कादंबरी ह्या शब्दाचाच संकोच वाटतो. काल्पनिक तें खोटें, आणि खोटें तें पाप, असा त्यांचा सरळ हिशेब. परंतु मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिला बहुतेक अभ्यासक मान देतात ती ‘यमुनापर्यटन’ सन १८५७ मध्यें बाबा पदमनजी ह्या ख्रिस्ती लेखकानेंच प्रसिद्ध केली. तिचाही विषय हिंदु विधवांची स्थिति हाच. यमुना प्रवास करिते, ठिकठिकाणीं विधवांना भेटते, त्यांचीं दुःखें ऐकते. हेतु थोर आहे; पण खरें बोलावयाचें तर तो हेतु पानोपानीं वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो. आपट्यांची यमू कांहींच मागत नाहीं. दिवस कसा गेला एवढें ती सांगते, आणि वाचणारा आपणहून अस्वस्थ होतो. तेहतीस वर्षांत मराठी कादंबरी एवढें शिकली. स्वधर्मीय म्हणून पदमनजींच्या पदरांत आम्हीं अधिक गुण टाकावे हें आमच्यानें होणार नाहीं. पण वाट त्यांनीं पाडली, हेंही विसरवत नाहीं.

काल्पनिकाविषयीं ज्यांचा संशय अजून फिटला नसेल त्यांनीं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय काढावा. दावीद राजानें उरीयाची बायको घेतली व उरीयाला लढाईंत मारविलें. राजाला हें सरळ सांगितलें असतें तर त्यानें शंभर कारणें काढलीं असतीं. नाथान संदेष्ट्यानें त्याला एक गोष्ट सांगितली: एक धनवान, एक गरीब, आणि गरिबाची जिवापाड जपलेली एकच मेंढी. त्या न घडलेल्या गोष्टींतील, कधींही न जन्मलेल्या धनवानावर राजा खरोखर संतापला. आणि मग तो धनवान कोण, हें नाथानानें त्याला सांगितलें. आतां ह्यांतील खुबी पाहा. ह्यांतून बोध काय निघतो इकडे लक्ष ठेवून राजा सावधपणें ऐकत बसला असता तर तो सांपडला नसता. तो गोष्टींत रमला म्हणून सांपडला.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचें आम्हांस आणखीच नवल वाटतें. थोरला भाऊ रागावून घराबाहेर उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालीत आहे, आणि तेथेंच दृष्टांत संपतो. तो आंत गेला कीं नाहीं हें लूककृत शुभवर्तमानांत सांगितलेलें नाहीं. आमच्या क्रमिक पुस्तकांच्या संपादकांच्या हातीं तो पडता तर शेवटीं ‘तात्पर्य’ म्हणून एक ओळ खचित आली असती, व खालीं रिकाम्या जागा भरावयास दिल्या असत्या!

कादंबरीनंतर विष्णुभट गोडसे ह्यांचें ‘माझा प्रवास’ घेतलें. पेणजवळच्या वरसई गांवचे हे भिक्षुक. घरची ओढाताण, म्हणून उत्तरेकडे मोठ्या यज्ञाची दक्षिणा मिळेल ह्या आशेनें काकांसह निघाले, आणि नेमके सन १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशी पडली तेव्हां ते शहरांतच होते. कत्तल पाहिली, लूट सोसली, भुकेनें हाल झाले. द्रव्य गेलें, आणि गंगेच्या पाण्याची कावड तेवढी घरीं पोंचली. पुढें अनेक वर्षांनीं चिंतामणराव वैद्य ह्यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत लिहून काढली, व ती सन १९०७ मध्यें छापून निघाली. भटजींना इतिहास लिहावयाचा नाहीं. त्यांना कर्जाची काळजी आहे, स्नानसंध्येची काळजी आहे, कमरेला बांधलेल्या मोहोरांची काळजी आहे. म्हणूनच त्यांचें म्हणणें आपणांस खरें वाटतें. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं त्यांची व झांशीच्या राणीची अवचित गांठ पडते. राणी पराभूत आहे, तहानेनें व्याकुळ आहे. भटजी पाणी काढावयास पुढें होतात तर ती त्यांना थांबविते. विद्वान ब्राह्मणाकडून हें काम घेणें तिला योग्य वाटत नाहीं. ती स्वतःच पाणी ओढते व ओंजळीनें पिते. इतिहासाच्या पुस्तकांत राणी नेहमीं घोड्यावर असते. येथें ती विहिरीच्या कांठावर आहे. आमच्या आठवीच्या वर्गांत झांशीच्या वेढ्याचें साल विचारलें तर वीस हात वर होतात. त्या विहिरीवर ती किती दमली असेल हें मात्र आम्हांसही आजवर कोणीं विचारलें नव्हतें.

लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ हें आमच्या समाजाचें घरचें पुस्तक. मराठी ख्रिस्ती घरांत तें बहुधा असतेंच, आणि घरचें असल्यामुळें पुष्कळदां न वाचतांच राहून जातें. त्याचा पहिला भाग सन १९३४ मध्यें निघाला. लक्ष्मीबाईंना शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. माहेरीं वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं. अशा घरांत वाढलेल्या बाईच्या पतीनें, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं, सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढें सन १९०० मध्यें त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतराविषयीं आम्हीं लहानपणापासून कितीतरी व्याख्यानें ऐकलीं आहेत. त्या व्याख्यानांत लक्ष्मीबाई येत त्या एका वाक्यापुरत्या: पुढें त्यांच्या पत्नीनेंही प्रभूचा स्वीकार केला. त्या एका वाक्यांत किती रात्रींचें रडणें होतें, किती हट्ट होता, स्पर्शास्पर्शाचा विचार मनांतून गळून पडण्यापूर्वीं किती झोंबाझोंबी झाली, हें व्याख्यात्यास ठाऊक नव्हतें किंवा सांगण्यास वेळ नव्हता. आणि हें सारें सांगतांना ही बाई हंसते! स्वतःला हंसते, नवऱ्याच्या विसराळूपणाला व हातांत पैसा न टिकण्याला हंसते, मिशनच्या रीतिभातींना हंसते. दुपारीं वाचतांना आम्ही इतक्या मोठ्यानें हंसलों कीं आंतून मंडळी बाहेर आलीं व तें पान पुन्हा मोठ्यानें वाचावें लागलें. त्या दिवसापासून घरांत रोज संध्याकाळीं दहा-बारा पानें सर्वांसमोर वाचण्याचा परिपाठ पडला.

येथें हिंदु, मुसलमान, बौद्ध व इतर पालकांस एक विनंति आहे. हें पुस्तक मिशनच्या शाळेंतून घरीं आलें म्हणून त्याकडे धर्मप्रचाराचें साधन म्हणून पाहूं नये. ह्यांत कोणाच्याही देवाची निंदा नाहीं. आणि जुन्या घराचें, सासूसासऱ्यांचें, सणावारांचें चित्र इतक्या मायेनें काढणारीं पुस्तकें आमच्या भाषेंत फारशीं नाहींत.

‘बनगरवाडी’ विषयीं निःपक्षपातानें लिहिणें आम्हांस कठीण आहे, कारण तिचा नायक शाळामास्तर आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी सन १९५५ मध्यें प्रसिद्ध झाली. माणदेशांतील धनगरांच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेचा तरुण मास्तर येतो. शाळेंत मुलें नाहींत, कारण मुलें मेंढरांमागें आहेत. म्हातारा कारभारी मुलें जमवून देतो. मास्तर पत्रें लिहितो, मनीऑर्डरी करितो, भांडणें ऐकतो. सगळी वाडी राबून एक तालीम उभी करिते. मग पाऊस येत नाहीं. मेंढरें मरतात, माणसें पोटामागें निघून जातात, वाडी ओस पडते. बस्स, इतकीच गोष्ट. कोणी खलपुरुष नाहीं, कोणी भाषण करीत नाहीं. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठीं आम्हीं जे जाडजूड ग्रंथ वाचले त्यांत ‘शाळा व समाज’ ह्या नांवाचें प्रकरण प्रत्येकांत होतें. शाळा वाडीवर कशी रुजते, आणि वाडीच उठून गेली कीं शाळेचें काय होतें, हें त्या प्रकरणांत वाचल्याचें आठवत नाहीं. गुरुजनांपैकीं ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल त्यांनीं पुढील सुटीची वाट पाहूं नये.

राहिलीं दोन. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (सन १९३९) ही यूरोपांतून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवरची कथा. जर्मनींतून हांकलले गेलेले यहूदी त्या बोटीवर आहेत. चक्रधर नांवाचा मराठी तरुण व हेर्टा नांवाची यहूदी मुलगी ह्यांचें प्रेम जमतें, आणि मुंबईस तो उतरून जातो. ही वरच्या वर्गांतील मुलांनीं, थोड्या उशिरां वाचावी, पण वाचावी. दुसरें, वीणा गवाणकरांचें ‘एक होता कार्व्हर’ (सन १९८१). गुलामगिरींत जन्मलेला एक पोरका मुलगा पुढें टस्कीगीच्या विद्यालयांत शेतकीचा शास्त्रज्ञ होतो व शेंगदाण्यापासून नाना वस्तु करून दाखवितो, ही कथा आमच्या शाळेंत सर्वांस माहीत आहे, कारण बक्षीससमारंभांत हेंच पुस्तक अधिकांत अधिक वाटलें जातें. बक्षीस मिळालेल्या पुस्तकाचें दुर्दैव असें कीं तें आवरणासह कपाटांत जातें. तें बाहेर काढावें, एवढेंच सांगणें.

आतां पालकसभेंतील प्रश्नाकडे येतों. अशा वाचनानें गणिताचे गुण वाढतात काय? बुद्धीला धार येते, शब्दसंग्रह वाढतो, म्हणून अंतीं गुणही वाढतात, असें सांगून पालकांस वश करण्याचा मोह ग्रंथालयाच्या कैवाऱ्यांस फार होतो. तें खरेंही असेल. पण आम्ही त्या आधारावर ग्रंथालयाचा तास मागणार नाहीं. गुणांच्या नांवानें मागितलेला तास उद्यां गुणांच्याच नांवानें परत द्यावा लागतो. शिवाय ज्या दिवशीं वाचन गुणांसाठीं ठरेल त्याच दिवशीं त्याची वही निघेल, वहींत रकाने आंखले जातील, पुस्तकाचें नांव, लेखकाचें नांव, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध. आणि मुलें एकमेकांच्या वह्या उतरून काढूं लागतील. कित्येक शाळांत असें झालेलें आम्हीं पाहिलें आहे. वही पूर्ण, पुस्तक कोरें.

आमचें उत्तर निराळें आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला एक घर ठाऊक असतें, एक गल्ली ठाऊक असते, आणि आपलें दुःख हें जगांतील पहिलेंच दुःख आहे असें त्याला वाटतें. परीक्षेंत दोन गुण कमी पडले कीं सर्वस्व गेलें असें मानून मुलें जिवाचें बरेंवाईट करून घेतात, अशा बातम्या दरवर्षीं निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून येतात. त्या वाचतांना पालकांच्या पोटांत गोळा उठतो, तसाच आमच्याही उठतो. पुस्तक हें अशा संकटावर औषध आहे असा दावा आम्ही करीत नाहीं. तो करणें क्रूरपणाचें होईल. पण सर्व कमाई लुटली गेल्यावर गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत घरीं आलेला मनुष्य ज्या मुलाच्या ओळखीचा आहे, रडतां रडतां स्वतःला हंसणारी बाई ज्या मुलीच्या ओळखीची आहे, त्यांच्या मनांत निदान दोन माणसें अधिक राहतात. अवघड रात्रीं घरांत जितकीं माणसें असतील तितकीं बरीं. ही ओळख उताऱ्यावरून होत नाहीं, मार्गदर्शिकेवरून होत नाहीं. ती निवांत, रमून, मागेंपुढें पानें उलटीत वाचल्यानेंच होते. आणि त्याला वेळ लागतो. आठवड्याचा एक तास ही त्याची फार माफक किंमत आहे. गणितास तास हवाच असेल तर शाळा सुटल्यावर आम्ही वर्ग उघडा ठेवण्यास तयार आहों. गणिताचे शिक्षकही त्यास अनुकूल आहेत.

पालकांकडून मात्र एक अपेक्षा आहे. मुलें मोबाइल सोडीत नाहींत ही तक्रार आम्ही सभेंत ऐकतों, आणि ती ऐकत असतां सभेंतीलच कितीतरी डोळे मांडीवरच्या मोबाइलकडे वळलेले दिसतात. घरांत वडीलधारें माणूस पुस्तक घेऊन बसलेलें ज्या मुलानें कधीं पाहिलें नाहीं, त्याला शाळेनें काय सांगावें? पुस्तक विकत घ्यावयास हवें असेंही नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांतून पालकांस पुस्तकें नेण्याची सोय आहे. ती बहुतेकांस ठाऊक नाहीं, म्हणून येथें लिहितों. शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास कपाटें उघडीं असतात. पाल्याचें ओळखपत्र दाखविलें कीं एका वेळीं दोन पुस्तकें पंधरा दिवसांसाठीं मिळतात. ‘स्मृतिचित्रें’ च्या तीन प्रती आहेत, ‘माझा प्रवास’ ची एक. ‘बनगरवाडी’ ची एकुलती एक प्रत सध्यां आमच्याच घरीं आहे, आणि मंडळींचीं शेवटचीं चाळीस पानें राहिलीं आहेत. ती पुढल्या शनिवारपर्यंत कपाटांत येईल.